मराठवाड्यातलं बिनमांसाचं जेवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाकरी का मोडते इथपासून माळकरी अंडं का खात नाही इथपर्यंत, सारखे कानावर येणारे प्रश्न इथं एकत्र घेतले आहेत. पाककृती मोजक्याच आहेत, इतिहास जरा जास्त आहे. आमच्याकडच्या साध्या वरणामागंसुद्धा दुष्काळ आणि संत दोन्ही उभे असतात, त्याला इलाज नाही.

मराठवाडा शाकाहारी आहे का?

नाही. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत २०१४ साली महाराष्ट्रातले सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी निघाले, देशात हे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक खाणारे. मराठवाड्यात तर संभाजीनगरचा नान-खलिया आहे, तुळजापूरच्या नवरात्रातला अजाबली आहे आणि आखाडात गावोगाव शिजणारं मटण आहे.

पण हिशोब माणसांचा न करता जेवणांचा करून बघा. खाणाऱ्या घरातसुद्धा मटण कधी? बाजाराच्या दिवशी, पाहुणा आला तर, नाहीतर आखाडात. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. वर दोन एकादशा, अख्खा श्रावण, नवरात्र. उरलेल्या दिवशी खिसा परवानगी देईल तसं. त्यामुळं खाणाऱ्याच्या आणि न खाणाऱ्याच्या घरातलं मंगळवारचं दुपारचं ताट बहुतेक सारखंच असतं : भाकरी, पिठलं किंवा वरण, ठेचा, कांदा.

म्हणजे गरिबीमुळं शाकाहार, असंच ना?

अर्धं उत्तर ते आहे. पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही बेभरवशाचा. काळ्या रानात रब्बीची ज्वारी, तूर, हरभरा, करडई आणि जवस येतं. म्हणून ताटात तेच. शेळी-कोंबडी ही अडीनडीला विकायची चीज, रोज कापून खायची नव्हे. १९७२ च्या दुष्काळात तर ज्वारीही उरली नाही. अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी आणि सरकारी सुकडी यांवर माणसं जगली. त्या पिढीतली म्हातारी माणसं अजून मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात.

दुसरं अर्धं उत्तर व्रताचं आहे. मुद्दाम, समजून-उमजून मांस सोडलेली घरं इथं शेकडो वर्षांपासून आहेत, आणि त्यातली बरीच कष्टकऱ्यांची आहेत. शाकाहार ही फक्त वरच्या जातींची मिरास होती, असं म्हणणाऱ्यानं एकदा हरिनाम सप्ताहाच्या पंगतीत बसून बघावं.

मांस सोडण्याची ही चाल इथं कधीपासून?

एका झऱ्यातून ती आलेली नाही, चार-पाच प्रवाह मिसळलेत.

सगळ्यात कडक जैन. वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकाच्या लेण्या जैनांच्या, साधारण नवव्या-दहाव्या शतकातल्या. बत्तीस क्रमांकाची इंद्रसभा त्यांतलीच. धाराशिवच्या लेण्यांतही जैन मूर्ती आहेत. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीवर जैन आचार्य शांतिसागरांनी १९५५ मध्ये सल्लेखना, म्हणजे उपवासानं देहत्याग, घेतली. हजार वर्षांच्या या वस्तीमुळं अहिंसा हा शब्द इथल्या माणसाला पोथीतून शिकावा लागला नाही, शेजारच्या आळीत तो दिसत होता.

बाराव्या शतकात बसवेश्वर. त्यांची कर्मभूमी कल्याण, म्हणजे उमरग्याहून पुढं असलेलं आजचं बसवकल्याण. लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या लिंगायत घरांत लिंगदीक्षेबरोबर मांस-मद्य सुटलं. बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला जाऊन बघा, प्रवाह अजून वाहता आहे.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामी. पैठण आणि गोदाकाठ त्यांच्या पायाखालचा. महानुभाव पंथात अहिंसा हा आचाराचा पायाच आहे. म्हणून 'त्यांच्या घरी उपदेश घेतलाय' एवढं कुणी सांगितलं, की मटणाचा विषय तिथंच मिटतो.

आणि सगळ्यांत दूरवर पसरलेला वारकऱ्यांचा प्रवाह. हिंगोलीकडचं नर्सी नामदेवांचं, आपेगाव ज्ञानेश्वरांचं, तेर गोरोबाकाकांचं, गंगाखेड जनाबाईंचं, पैठण एकनाथांचं. शिंपी, कुंभार, दासी, ब्राह्मण, सगळेच यात आले. म्हणूनच माळ कुठल्याही जातीच्या गळ्यात दिसते.

माळकरी म्हणजे नक्की काय?

पंढरपुरात, नाहीतर एखाद्या महाराजांच्या हातून तुळशीची माळ घालून घेतलेला माणूस. मांस, मासे, अंडी आणि दारू बंद. एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. माळ घालायला वय लागत नाही, जातही लागत नाही, पण घातल्यावर मोडली तर गाव नाव ठेवतं. आमच्याकडं दारू सुटावी म्हणून नवऱ्याला माळ घालायला लावणाऱ्या बाया कमी नाहीत. व्यसनमुक्ती केंद्रं निघायच्या कितीतरी आधीचा हा उपाय आहे, आणि पुष्कळदा लागूही पडतो.

एकाच घरात सासरा माळकरी आणि पोरगा खाणारा असं सर्रास असतं. मग मटणाची भांडी वेगळी, चूल परसात, आणि सासऱ्याचं ताट आधी वाढून मोकळं करायचं. यावरून भांडण होत नाही असं नाही, पण बहुतेक घरांनी तोडगा काढलेला असतो.

प्राचीन काळी ब्राह्मणसुद्धा मांस खायचे, हे खरं का?

हो. वैदिक यज्ञात पशुबळी होता, आणि यज्ञात दिलेलं खाल्लंही जायचं. मनुस्मृतीत मांस खायची मुभा आणि मांसाची निंदा दोन्ही सापडतात. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात तर हिशोबच दिलाय : पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात लाखोंनी प्राणी मारले जायचे, आता दोन मोर आणि एक हरीण, त्यात हरीणही नेमानं नाही, आणि पुढं तेही बंद होणार. ही ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातली गोष्ट.

आपल्या भागाजवळचा दाखला हवा तर कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा घ्या. बाराव्या शतकात त्यानं संस्कृतात रचलेल्या ग्रंथात राजाच्या भोजनाचं सविस्तर प्रकरण आहे. त्यात मांडे आहेत, वडे आहेत, डाळीचे प्रकार आहेत आणि भाजलेल्या, तळलेल्या मांसाचेही भरपूर प्रकार आहेत. हा सोमेश्वर राज्य करत होता त्याच कल्याणात काही दशकांनी बसवेश्वर आले. एकाच नगरात आधी राजाच्या शिकारीचं जेवण आणि मग शरणांचं, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांचं, निर्मांस जेवण, हे मला फार बोलकं वाटतं.

ब्राह्मणांनी मांस का सोडलं यावर वाद आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये मांडलेलं मत असं : बौद्ध धर्माचा लोकांवरचा प्रभाव मोडून काढायला ब्राह्मण एक पाऊल पुढं गेले आणि मांसच सोडून बसले. सगळे इतिहासकार हे जसंच्या तसं मानत नाहीत, पण यज्ञ मागं पडण्यामागं बौद्ध-जैन विचारांचा रेटा होता, हे बहुतेकांना मान्य आहे.

अजिंठ्याचे बौद्ध भिक्खू तर शाकाहारी असतील?

तसं धरून चालू नका. विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेच्या, नियमाप्रमाणं भिक्षेत पडेल ते घ्यायचं. मांसही चालायचं, फक्त ते आपल्यासाठी मारलेलं आहे असं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा तसा संशय आलेला नसावा. संघातल्याच देवदत्त नावाच्या भिक्खूनं मांस-मासे पूर्ण बंद करायची मागणी केली तेव्हा बुद्धांनी ती नाकारली. पुढं महायान परंपरेत मांसाला जास्त विरोध झाला. आजही मराठवाड्यातल्या बौद्ध घरांत दोन्ही चाली आहेत.

दलित वस्तीतल्या जेवणाबद्दल कुणी लिहितच नाही का?

आता लिहितात. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं आणि मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं अन्न पहिल्यांदा एवढ्या तपशिलानं छापलं गेलं. पारंपरिक पाककृतींच्या वह्यांत जे जेवण 'मराठवाडी' म्हणून मिरवतं, त्याला तेल-तूप-खोबरं परवडणाऱ्या घरांचाच वास येतो. राज्यात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानं बंद झाली. २०१५ पासून बैल-वळूही त्या कायद्यात आले. त्यामुळं काही वस्त्यांतलं स्वस्त मांस ताटातून गेलं. कुणाचा शाकाहार व्रताचा, कुणाचा मजबुरीचा आणि कुणाचा कायद्याचा. तिन्हींना एकच टिळा लावू नये.

परदेशात शाकाहार कधी सुरू झाला?

ग्रीसमध्ये पायथागोरसच्या अनुयायांपासून ही परंपरा सांगतात. संघटित चळवळ मात्र १८४७ ची, इंग्लंडातल्या रॅम्सगेट गावी शाकाहारी मंडळ स्थापन झालं तेव्हाची. लंडनमध्ये शिकत असताना गांधीजी तिथल्या शाकाहारी मंडळात गेले. घरच्या रिवाजामुळं आणि आईला दिलेल्या शब्दापोटी मांस टाळणारा मुलगा तिथं विचारानं शाकाहारी झाला. दूधदुभतंही टाळणाऱ्यांनी, म्हणजे वीगन लोकांनी, आपली वेगळी संस्था १९४४ मध्ये काढली.

मिरची, शेंगदाणा, बटाटा परदेशी. मग आधी आपण खात काय होतो?

तिखटपणा मिरे, पिंपळी आणि आल्याचा. तेल तीळ, करडई, जवस आणि कारळाचं. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, शेंगदाण्याचा पसारा त्याहून पुष्कळ नंतरचा. म्हणजे ज्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही तो शेंगदाण्याचा कूट आणि ठेचा, दोन्ही नामदेवांनी चाखलेले नाहीत. उपवासाची गंमत तर विचारूच नका. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, सगळे अमेरिका खंडातले. ज्वारीसुद्धा मूळची आफ्रिकेची, पण ती येऊन काही हजार वर्षं झाली, तिला पाहुणी म्हणवत नाही.

येसर म्हणजे काय? आमटी कशी करायची?

लग्नाच्या पंगतीत पत्रावळीवर भात पडला की मागून बादली घेऊन पळत येणारा वाढपी ज्याची हाळी देतो ती येसर आमटी. येसर हे भाजलेल्या धान्या-डाळीचं मसालेदार पीठ. घरोघरी प्रमाण वेगळं. एक चालणारं प्रमाण असं : एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी गहू, अर्धी वाटी ज्वारी किंवा बाजरी, अर्धी वाटी धने, दोन चमचे जिरे, चार-पाच मिरे, दालचिनीचा तुकडा, दगडफूल, थोडं सुकं खोबरं, सात-आठ सुक्या मिरच्या. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. डाळ आतपर्यंत तांबूस व्हायला हवी. कच्ची राहिली तर आमटीला पिठूळ वास येतो आणि मग कितीही उकळा, जात नाही. गार झाल्यावर दळायचं. बरणीत चार-सहा महिने टिकतं.

आमटीला तेल जरा सढळ. मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, मग काळं तिखट आणि हळद. चार माणसांना तीन चमचे येसर पुरतं, ते आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं. थेट गरम पाण्यात टाकलं की गोळे झालेच. ओतल्यावर उकळी फुटेपर्यंत पळी थांबवायची नाही. चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मीठ. वर तर्री तरंगली की झाली. चुलीवरून उतरल्यावर ती घट्ट होत जाते, म्हणून पातळच उतरवा.

खोबरं-कांद्याच्या याच मसाल्यात बेसनाचे गोळे सोडले की डुबुकवड्यांची आमटी. मटणाच्या रश्शाची हौस न खाणाऱ्यांनी अशी भागवली, असं गमतीनं म्हणतात.

माझी ज्वारीची भाकरी मोडते. काय चुकतं?

बहुतेक वेळा पीठ. ज्वारीत चिकटपणा धरणारं ग्लुटेन नसतं, त्यामुळं सगळी मदार ताज्या पिठावर आणि मळण्यावर. दळून पंधरा-वीस दिवस झाले की पीठ विरी जातं, मग थापताना कडा फाटतात. अशा पिठाला उकळतं पाणी घालून चमच्यानं हलवा, झाकून ठेवा, कोमट झालं की तळहाताच्या टाचेनं रगडा. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो, तोच ग्लुटेनचं काम करतो. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी लगेच फिरवा आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटा. सुकू दिलं तर भेगा पडतात, फार ओलं उलटलं तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू शेकली की थेट आरावर. पापुद्रा सुटला म्हणजे जमली.

येळवसच्या भज्जीची कृती द्याल का?

कृती देता येईल, भज्जी देता येणार नाही, कारण ती शेतातच लागते. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडं बाजारपेठा ओस पडतात, स्थानिक सुट्टी जाहीर होते, आणि सगळे शेतात. कडब्याची कोपी, आत चुना लावलेले पाच पांडव, पूजा, मग जेवण.

भज्जीला ओला हरभरा, तुरीचे सोलाणे, वाटाणा, भिजवलेले शेंगदाणे आणि हाताला येईल ती पालेभाजी : मेथी, पालक, चुका, कांद्याची-लसणाची पात. शिजवून घोटायचं, ताकात किंवा चिंचेच्या पाण्यात कालवलेलं बेसन लावायचं, वर लसूण-हिरव्या मिरचीची फोडणी. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली अंबील. अंबील म्हणजे ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवलेलं, लसूण-जिऱ्याचं वाटण घातलेलं पेय. दोन वाट्या पोटात गेल्या की कोपीच्या सावलीत झोप ठरलेली. अंबील आदल्या दिवशीची जास्त चांगली लागते.

यातून प्रथिनं पुरतात का?

हिशोब करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणं वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम. तीन भाकरींतून १६-१७ ग्रॅम, तीस ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून साडेसहा, मूठभर शेंगदाण्यांतून सात, पाव लिटर दूध-दह्यातून आठ. बेरीज चाळिशीच्या आत. मटकीची उसळ किंवा हुलग्याचं माडगं रोज ठेवलं तर पन्नाशी गाठते. भाकरी आणि ठेच्यावर भागवलं तर नाही गाठत, हे स्पष्ट बोललं पाहिजे. भाकरी-वरणाची जोडी मात्र खरंच अक्कलहुशारीची आहे : प्रथिनांतला लायसिन हा घटक ज्वारीत कमी, डाळीत भरपूर.

खरी अडचण बी-१२ जीवनसत्त्वाची. ते वनस्पतींत नसतंच, दूध-दह्यातून थोडं मिळतं. हातापायाला मुंग्या, सततचा थकवा असेल तर तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घ्या, त्यानं व्रत मोडत नाही. लोहासाठी जेवणात लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे लोह-जस्त वाढवलेलं ज्वारीचं वाण २०१८ पासून उपलब्ध आहे, बियाणं मिळालं तर घरच्या खाण्यापुरतं लावून बघा.

अंडं शाकाहारी का?

माळकऱ्याला विचाराल तर नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. त्यावर वाद झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी बंद झाला. माझं मत विचाराल तर ज्या पोराला हवं त्याला अंडं, नको त्याला केळं, ही सोय चांगली होती.

कांदा-लसूण कोण खात नाही?

जैन घरं आणि चातुर्मास पाळणारे. म्हणून आषाढी एकादशीच्या आधी कांदेनवमीला कांद्याचं सगळं करून खायचं. सुटका चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यानं : बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा.

पाकिटावरची खूण कशी वाचायची?

हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. ठिपका दूध चालतं असं धरून दिलेला असतो. जेली, चघळायच्या गोळ्या यांत जिलेटिन असू शकतं, तिथं खूण बघूनच घ्या.

भगरीनं विषबाधा होते हे खरं का?

भगर वाईट नाही, जुनी आणि ओल धरलेली भगर वाईट. तिच्यावर बुरशी धरते आणि विषारी द्रव्यं तयार होतात. महाशिवरात्र, एकादशी, नवरात्रात मराठवाड्यातून अशा बातम्या वारंवार येतात, आणि बहुतेकदा त्यात भगरीच्या पिठाची भाकरी असते. पीठ ओल लवकर ओढतं. म्हणून सुटं पीठ विकत घेऊ नका. पाकीटबंद भगर तारीख बघून घ्या, निवडा, धुवा आणि लागेल तेवढीच घरी दळा. उरलेलं पीठ पुढच्या एकादशीला ठेवू नका. उलट्या, चक्कर, थरथर सुरू झाली तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा.

इथून काय विकत न्यावं?

लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर, जालन्याची दगडी ज्वारी, वसमतची हळद, कुंथलगिरीचा खवा. या सगळ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोथिंबीर प्रवासात टिकणार नाही, खवा त्याच दिवशी खपवावा लागेल. डाळ, चिंच, हळद बिनघोर न्या. बोरसुरीच्या नावावर भलतीच डाळ गळ्यात मारणारेही आहेत, तेव्हा पोतं घ्यायच्या आधी पावशेर शिजवून बघा.